छातीची, हाताची की पायाची? बायपासमधल्या रक्तवाहिनीची निवड

बायपास झालेल्या माणसाविषयी आपण पहिला प्रश्न विचारतो तो आकड्याचा. किती ब्लॉक होते, किती बायपास केले? भेटायला येणारे, विम्याचा फॉर्म भरणारे, खुद्द रुग्ण, सगळ्यांच्या लक्षात आकडाच राहतो. मला या लेखात दुसरा प्रश्न पुढे आणायचा आहे. बंद पडत चाललेल्या हृदयधमनीला वळसा घालण्यासाठी जी रक्तवाहिनी जोडली, ती शरीराच्या कुठल्या भागातून घेतली आणि हृदयाच्या कुठल्या धमनीवर बसवली? ऑपरेशननंतरचा पहिला महिना कसा जाईल हे इतर पुष्कळ गोष्टींवर ठरते. दहाव्या आणि पंधराव्या वर्षी त्या माणसाचे काय होईल, यात मात्र या निवडीचा वाटा फार मोठा आहे. ही निवड सर्जन करतो, बहुधा आदल्या दिवशी एंजिओग्राफीची फिल्म पाहताना किंवा थेट टेबलावर, आणि घरच्यांच्या कानावर ती अनेकदा येतच नाही.

पर्याय मोजकेच आहेत. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही कडांना आतून खाली उतरणाऱ्या दोन इंटर्नल मॅमरी धमन्या. थिएटरमध्ये डावीला लीमा म्हणतात आणि उजवीला रीमा. मनगटापाशी जिच्यावर नाडी पाहतात ती रेडियल धमनी. पायाच्या आतल्या बाजूने घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांब सॅफेनस शीर. जठराच्या कडेची गॅस्ट्रोएपिप्लोइक धमनीही आहे. जपानी सर्जनांनी ती आवडीने वापरली, बाकीच्या जगाने फारशी नाही. कृत्रिम नळ्या मोठ्या रक्तवाहिन्यांसाठी उत्तम चालतात, पण दीड-दोन मिलिमीटरच्या हृदयधमनीवर त्या लवकर गुठळीने बंद होतात. म्हणून आजही रुग्णाच्या स्वतःच्याच शरीरातून वाहिनी काढावी लागते.

या वाहिन्या वापरात कोणत्या क्रमाने आल्या हे पाहण्यासारखे आहे, कारण सगळ्यांत चांगली धमनी आधी सापडली आणि मग बराच काळ बाजूला पडली. मॉन्ट्रियलच्या आर्थर व्हाइनबर्ग यांनी 1950 मध्ये मॅमरी धमनीचे टोक कुठल्याही धमनीला न जोडता सरळ हृदयाच्या स्नायूत बोगदा करून पुरले होते. त्यातून नव्या बारीक वाहिन्या फुटतील ही त्यांची अपेक्षा होती आणि काही रुग्णांत ती खरीही ठरली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये रॉबर्ट गोएट्झ यांनी मे 1960 मध्ये उजवी मॅमरी टँटलम धातूच्या कड्याच्या साहाय्याने उजव्या हृदयधमनीला जोडली. रुग्ण त्यानंतर वर्षभर जगला, पण सहकाऱ्यांच्या विरोधामुळे गोएट्झ यांनी ते ऑपरेशन पुन्हा केले नाही. लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी फेब्रुवारी 1964 मध्ये डावी मॅमरी टाके घालून जोडली, तीही धडधडत्या हृदयावर, हार्ट-लंग मशीनशिवाय. त्यांचे अनुभव 1967 मध्ये अमेरिकेच्या एका प्रतिष्ठित शस्त्रक्रिया-नियतकालिकात छापून आले, तरी त्यांची दखल घ्यायला जगाला खूप वेळ लागला.

त्याच वर्षी, मे 1967 मध्ये, क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास केला आणि बायपास म्हटले की पायाची शीर हे समीकरण पक्के झाले. फावालोरो मूळचे अर्जेंटिनाचे. एका दूरच्या खेड्यात बारा वर्षे डॉक्टरकी करून मग ते छातीची शस्त्रक्रिया शिकायला क्लीव्हलँडला आले होते. तिथेच मेसन सोन्स यांनी 1958 मध्ये हृदयधमन्यांत औषध सोडून त्यांचा एक्स-रे चित्रपट घेण्याची पद्धत शोधली होती. फावालोरो तासन् तास त्या फिल्म पाहत बसत, आणि अडथळा नेमका कुठे आहे हे दिसल्यावर त्यापलीकडे रक्त कसे पोचवायचे हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. शीर हाताशी होती, लांबलचक होती, रुंद होती, काढायला सोपी होती. एका पायातून तीन-चार ग्राफ्ट, म्हणजे जोडायचे तुकडे, सहज निघत. मॅमरी बारीक, नाजूक, काढायला वेळखाऊ. तिच्यातून हृदयाला पुरेसे रक्त मिळेल का, हीच शंका होती. न्यूयॉर्कच्या जॉर्ज ग्रीन यांनी 1968 पासून सूक्ष्मदर्शक लावून डावी मॅमरी पुढच्या मुख्य हृदयधमनीला, म्हणजे एलएडीला, जोडायला सुरुवात केली, पण बहुतेक सर्जन पुढची पंधराएक वर्षे शिरेवरच राहिले.

ही स्थिती बदलली ती 1986 मध्ये. फ्लॉइड लूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लीव्हलँडच्याच रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. एलएडीवर मॅमरी बसवलेले 2,306 रुग्ण एका बाजूला, फक्त शिरा बसवलेले 3,625 दुसऱ्या बाजूला. केवळ शिरांवर भागवलेल्यांचा दहा वर्षांतला मृत्यूचा धोका 1.61 पट निघाला. हा यादृच्छिक प्रयोग नव्हता, जुन्या नोंदींचा अभ्यास होता. पण फरक एवढा मोठा होता आणि पुढे जगभर तो इतक्या सातत्याने दिसत राहिला की एलएडीला डावी मॅमरी हा बायपासचा कणा ठरला. एलएडी हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या जवळजवळ निम्म्या भागाला रक्त पुरवते. तिच्यावर कुठली वाहिनी बसवावी याचे उत्तर आता वादाचे राहिलेले नाही. डावी मॅमरी शाबूत असूनही ती न वापरता एलएडीला शीर लावली असेल, तर तसे करण्याचे ठोस कारण सर्जनला सांगता आले पाहिजे. ऐन हार्ट अटॅकमध्ये, रक्तदाब कोसळत असताना, जीव वाचवण्यासाठी मिनिटे मोजावी लागतात तेव्हा असे कारण खरोखर असते. एरवी फारसे नसते.

मॅमरीत एवढे काय आहे? छातीचे हाड करवतीने मधोमध कापून डावी बाजू उचलून धरली की हाडाच्या कडेपासून बोटभर अंतरावर, पातळ आवरणाखाली, ती ठोके देताना दिसते. दोन-अडीच मिलिमीटर जाडीची. सर्जन तिला फासळ्यांच्या पातळीवर फुटलेल्या एकेका फांदीला क्लिप लावत वरपासून खालपर्यंत सोडवतो, तिच्यावर पापाव्हेरिन शिंपडतो म्हणजे ती आकसत नाही, आणि फक्त खालचे टोक कापतो. वरचे टोक गळ्याखालच्या सबक्लेव्हियन धमनीला निसर्गानेच जोडलेले असते, ते तसेच राहते. म्हणजे टाके एकाच ठिकाणी घालावे लागतात, केसापेक्षाही बारीक धाग्याने, भिंगाच्या चष्म्यातून. तिच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड भरपूर स्रवते, त्यामुळे ती सैल आणि गुळगुळीत राहते. अस्तराखालचा लवचीक पडदा जवळपास अखंड असल्याने बाहेरच्या स्नायुपेशींना आत घुसायला वाट मिळत नाही. इतर धमन्यांत चरबीचे थर साचलेल्या साठीच्या माणसातही मॅमरी बहुधा स्वच्छ सापडते. एलएडीवर बसवलेली लीमा दहा वर्षांनंतरही दहातल्या नऊहून अधिक जणांत उघडी असते, आणि हृदयाची मागणी वाढली की तीही रुंदावते.

पायाच्या शिरेचे नशीब वेगळे आहे. तिची घडण संथपणे वर चढणाऱ्या रक्तासाठी असते. पाटाच्या पाण्यासाठी घेतलेला पाइप विहिरीवरच्या मोटारीला जोडावा, तसे तिला एका दिवसात महाधमनीच्या ठोक्यांच्या दाबाखाली उभे केले जाते. तिच्यात झडपा असतात, म्हणून ती उलटी करून बसवावी लागते. पहिल्या महिन्यात ती बंद झाली तर ती बहुतेक गुठळीने होते. पहिल्या वर्षात तिचे अस्तर जाड होत जाते. नव्या दाबाशी जुळवून घेण्याची ती शिरेची स्वतःची धडपड असते. त्यानंतरच्या वर्षांत त्या जाड अस्तरात चरबी साचू लागते, आणि ही चरबी मूळ हृदयधमन्यांतल्यापेक्षा मऊ आणि ठिसूळ असते, लवकर फुटते. ढोबळमानाने दहा वर्षांनी निम्म्या शिरा बंद किंवा फार अरुंद झालेल्या असतात. अमेरिकेतल्या प्रिव्हेंट-4 या चाचणीत 3,014 रुग्ण होते. त्यांच्यापैकी ज्यांची पुन्हा एंजिओग्राफी झाली, त्यांत वर्ष-दीड वर्षातच सुमारे चतुर्थांश शिरा निकामी झालेल्या दिसल्या. बिल क्लिंटन यांचा बायपास सप्टेंबर 2004 मध्ये झाला. फेब्रुवारी 2010 मध्ये छातीत पुन्हा त्रास झाला तेव्हा शिरेचा एक ग्राफ्ट पूर्ण बंद झालेला निघाला. डॉक्टरांनी तो ग्राफ्ट उघडण्याच्या भरीस न पडता मूळ धमनीतच दोन स्टेंट घातले. जगातली उत्तमातली उत्तम सेवा मिळणाऱ्या माणसाच्या बाबतीतही शीर सहा वर्षे टिकली नाही.

तरी शीर टाकाऊ आहे असे कुणी समजू नये. आजही जगातल्या बहुतेक बायपासमध्ये लीमाच्या जोडीला शिराच असतात, आणि त्यांतल्या पुष्कळ पंधरा-वीस वर्षे चालतात. कुठली शीर टिकेल हे काही प्रमाणात ती कशी काढली यावर ठरते, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण या कामाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मुख्य सर्जन छातीत काम करत असतो तेव्हा सहायक पायाशी उभा राहून शीर काढत असतो, पुष्कळदा चमूतला सगळ्यांत नवखा डॉक्टर. शीर काढली की फांद्या बांधल्या जातात, आणि कुठे गळती आहे का हे पाहण्यासाठी सिरिंजने आत द्रव भरून ती फुगवली जाते. हाताने दाबलेल्या सिरिंजचा दाब 300 मिलिमीटरच्याही वर सहज जातो. शरीरातल्या कुठल्याही शिरेने असा दाब कधी सोसलेला नसतो. अस्तराच्या पेशी तिथेच सोलवटून निघतात आणि गुठळीला जागा तयार होते. ती शीर पुढे अर्धा-पाऊण तास कुठल्या द्रवात ठेवली, यानेही फरक पडतो. प्रिव्हेंट-4 च्याच रुग्णांच्या पुढच्या विश्लेषणात साध्या सलाइनमध्ये किंवा रक्तात ठेवलेल्या शिरांपेक्षा आम्लता राखणाऱ्या द्रवात ठेवलेल्या शिरा कमी निकामी झालेल्या दिसल्या. पायाशी उभ्या असलेल्या त्या डॉक्टरच्या हातात रुग्णाची पुढची दहा वर्षे असतात, हे चमूतल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

स्वीडनमधल्या ओरेब्रो इथे डोमिंगोस सोझा यांनी 1990 च्या दशकात याच विचारातून शिरेला न सोलता, भोवतालच्या चरबीच्या वेष्टनासह, न फुगवता काढण्याची पद्धत रूढ केली. त्यांच्या रुग्णांत सोळा वर्षांनी अशा 83 टक्के शिरा उघड्या होत्या, नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या 64 टक्के. चीनमधल्या 2,655 रुग्णांच्या मोठ्या चाचणीतही पहिल्या वर्षी फायदा दिसला. पण स्वीडनमध्येच नंतर झालेल्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांनी ठळक फरक आढळला नाही, आणि पायाच्या जखमेचा त्रास मात्र वाढलेला दिसला. ज्याने बायपासनंतर घोट्यापासून मांडीपर्यंतच्या टाक्यांतून महिनाभर पाणी गळताना पाहिले आहे, तो ही तक्रार क्षुल्लक मानणार नाही. मधुमेही माणसाला छातीपेक्षा पायानेच जास्त दिवस अंथरुणात ठेवल्याची उदाहरणे घरोघर सापडतील. गुडघ्याजवळ छोटा छेद देऊन कॅमेऱ्याच्या साहाय्याने शीर काढण्याची पद्धत यासाठीच आली. ती शिरेला इजा करते असा संशय काही वर्षे होता; पण 2019 च्या रीग्रूप चाचणीत, अनुभवी हातांनी काढलेल्या शिरांच्या बाबतीत, हृदयाच्या दृष्टीने दोन्ही पद्धती सारख्या ठरल्या आणि पायाच्या जखमेतले जंतुसंसर्ग निम्म्याहून कमी झाले. अनुभवी हात, ही अट तिथे महत्त्वाची आहे.

म्हणजे पहिल्या ग्राफ्टचा प्रश्न सुटलेला आहे. खरा वाद दुसऱ्याचा आहे. एलएडीला लीमा लावल्यावर डाव्या कुशीकडच्या मोठ्या फांदीला काय लावायचे? शीर, उजवी मॅमरी की हाताची रेडियल?

तर्काने पाहिले तर उजवी मॅमरी आघाडीवर हवी. ती डावीची सख्खी बहीणच. क्लीव्हलँडने 1999 मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदींवरून दोन मॅमरी एका मॅमरीपेक्षा सरस असल्याचे दाखवले, इतरांच्या अभ्यासांतही तेच आले. पण अशा अभ्यासांत एक मोठी फट असते. दोन मॅमरी कुणाला लावल्या जातात? तुलनेने तरुण, सडपातळ, धडधाकट माणसाला. तो जास्त जगला तर श्रेय कुणाचे, धमनीचे की त्याच्या मूळच्या प्रकृतीचे? याचा निकाल लावण्यासाठी ऑक्सफर्डच्या डेव्हिड टॅगर्ट यांच्या पुढाकाराने आर्ट ही चाचणी झाली. सात देशांतल्या 28 केंद्रांत, भारतासह, 3,102 रुग्ण चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले. दहा वर्षांचा निकाल 2019 मध्ये आला: दोन मॅमरींच्या गटात मृत्यू 20.3 टक्के, एका मॅमरीच्या गटात 21.2 टक्के. फरक नगण्य. पाच वर्षांच्या टप्प्यावर छातीच्या हाडाच्या जखमेचे त्रास मात्र 3.5 आणि 1.9 टक्के असे होते, म्हणजे दोन मॅमरी काढलेल्यांना जवळजवळ दुप्पट.

अनेकांनी त्यावरून दुसरी मॅमरी निरुपयोगी ठरवली. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. ज्यांना दोन मॅमरी लावायचे ठरले होते, त्यांच्यातल्या सुमारे 14 टक्के लोकांना प्रत्यक्षात एकच लागली. आणि एका मॅमरीच्या गटातल्या पाचातल्या एकाहून अधिक जणांना जोडीला रेडियल मिळाली होती. म्हणजे तुलना स्वच्छ धमनी विरुद्ध शीर अशी राहिलीच नाही. ठरलेली दुसरी मॅमरी ऐन वेळी सोडून देण्याचे प्रमाण सर्जनागणिक फार वेगळे होते. काही जण ती जवळपास कधीच सोडत नसत, काही जण वारंवार. माझ्या वाचनात या चाचणीचा सर्वांत बोलका भाग हाच आहे. उजवी मॅमरी रोज काढणाऱ्याच्या हातात ती वेगळी धमनी असते आणि वर्षातून चार वेळा काढणाऱ्याच्या हातात वेगळी.

रेडियलची कथा तर अर्ध्यावर सोडून पुन्हा हाती घेतलेली. पॅरिसच्या आलँ कार्पांतिए यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ती वापरली. तिची भिंत स्नायूंनी जाड. हाताळली की ती करकचून आकसते. दोनेक वर्षांतच बऱ्याच ग्राफ्ट बंद पडलेल्या दिसल्यावर त्यांनी स्वतःच ती सोडून दिली. पुढे अनेक वर्षांनी जुन्या रुग्णांची एंजिओग्राफी करताना, बंद पडली असे समजलेली रेडियल स्वच्छ वाहताना सापडली. त्यातून क्रिस्तोफ आकार यांनी 1992 मध्ये तिला परत आणले: भोवतालच्या ऊतींसकट हळुवार काढायची, आकसू नये म्हणून डिल्टियाझेमसारखी औषधे द्यायची. आज तिच्या बाजूने असलेला पुरावा उजव्या मॅमरीपेक्षा भक्कम आहे. मारिओ गाउदिनो आणि सहकाऱ्यांनी सहा चाचण्यांतले 1,036 रुग्ण एकत्र करून 2018 मध्ये दाखवले की पाच वर्षांत रेडियल 8.1 टक्के बंद झाल्या, शिरा 19.9 टक्के; हार्ट अटॅक आणि पुन्हा करावे लागणारे उपचारही रेडियलच्या गटात कमी. दहा वर्षांनीही तो फायदा टिकून होता. अमेरिकेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यामुळेच एलएडीनंतरच्या सर्वांत महत्त्वाच्या धमनीसाठी रेडियलची शिफारस शिरेच्या वर नेऊन ठेवली.

मात्र ती कुठेही लावून चालत नाही. मूळ हृदयधमनीत अजून बऱ्यापैकी रक्त वाहत असेल तर ग्राफ्टमधल्या प्रवाहाला मागणीच उरत नाही, आणि धमनी आकसून सुतळीसारखी होते. म्हणून डाव्या बाजूची धमनी किमान 70 टक्के आणि उजव्या बाजूची 90 टक्के अरुंद झाली असेल तरच रेडियल लावावी, असा साधारण नियम आहे. पन्नास-साठ टक्क्यांच्या अडथळ्यावर सक्तीने धमनी बसवण्यापेक्षा तिथे शीर बरी, आणि काही वेळा तर काहीच न लावणे बरे. हात कुठला घ्यायचा हेही तपासावे लागते. तळव्याला अल्नर या दुसऱ्या धमनीकडून पुरेसे रक्त मिळते का, हे मनगट दाबून पाहतात, सोनोग्राफीने खात्री करतात. शक्यतो कमी वापराचा हात घेतात. किडनी खराब होत चाललेल्या माणसाला पुढे डायलिसिसची फिस्टुला लागणार असेल तर ती धमनी राखून ठेवतात. सोनार, वादक, शिंपी असा हातावर पोट असलेला माणूस असेल तर अंगठ्याच्या मुळाशी काही महिने बधिरता राहू शकते हे त्याला आधी सांगायला हवे.

इथे आपल्याकडचा एक प्रश्न उभा राहतो. एंजिओग्राफी आता पुष्कळ ठिकाणी जांघेतून न करता मनगटातून करतात. रुग्णाच्या दृष्टीने ते उत्तम: रक्तस्राव कमी, त्याच दिवशी चालता येते. पण जिच्यातून नळी गेली त्या रेडियलच्या अस्तराला इजा झालेली असते आणि ती ग्राफ्ट म्हणून भरवशाची राहत नाही. उजव्या मनगटातून एंजिओग्राफी झाली असेल तर डावी शिल्लक असते. दोन्ही मनगटे वापरली गेली की हा पर्यायच संपतो. मधुमेही रुग्णाला तीन धमन्यांचा आजार असेल असा अंदाज असताना, म्हणजे बायपासची शक्यता समोर दिसत असताना, डावे मनगट मोकळे ठेवायचे एवढा समन्वय कार्डिऑलॉजिस्ट आणि सर्जन यांच्यात व्हायला हरकत नाही. त्याला खर्चही येत नाही.

मधुमेहाचा उल्लेख वारंवार येतो आहे, कारण आपल्या देशात तो टाळताच येत नाही. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आपल्याकडे हृदयविकार लवकर गाठतो, धमन्या बारीक असतात आणि अडथळे एका जागी नसून लांबवर पसरलेले असतात. अनेक धमन्यांचा आजार असलेल्या मधुमेह्याला स्टेंटपेक्षा बायपास लाभदायक ठरतो, हे 2012 च्या फ्रीडम चाचणीने दाखवले आहे. पन्नाशीतल्या अशा माणसाला अजून पंचवीस वर्षे जगायचे आहे; दहा वर्षांत निम्म्या बंद होणाऱ्या शिरांवर त्याची सगळी भिस्त ठेवणे अन्यायाचे आहे. दुसरीकडे त्याच मधुमेहामुळे, आणि वजनामुळे, दोन्ही मॅमरी काढल्यावर छातीचे हाड न जुळण्याचा धोका वाढतो, कारण त्या हाडाला रक्त याच दोन धमन्यांकडून मिळते. भोवतालचे मांस आणि शिरा मागे ठेवून धमनी एकटी सोडवून काढली तर हा धोका बराच कमी होतो. रेडियल घेतल्यास तो प्रश्नच येत नाही. आपल्या मधुमेही, जाड, तुलनेने तरुण रुग्णासाठी लीमा आणि रेडियल ही जोडी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. साखर ताब्यात असलेल्या, सडपातळ माणसाला अनुभवी सर्जन मिळाला तर दोन मॅमरी.

भारतातला पहिला बायपास 1975 मध्ये चेन्नईत, पेरांबूरच्या रेल्वे हॉस्पिटलात डॉ. के. एम. चेरियन यांनी केला. मुंबईत पुढे या शस्त्रक्रियेची मोठी परंपरा उभी राहिली, डॉ. नीतू मांडके हे नाव मराठी घरांत सर्वांना माहीत होते. धडधडत्या हृदयावर, मशीनशिवाय बायपास करण्याचे कसब भारतीय सर्जनांनी मोठ्या प्रमाणावर आत्मसात केले आणि त्याचा ग्राफ्टच्या निवडीशी थेट संबंध आहे. लीमाच्याच कडेला रेडियल किंवा रीमा इंग्रजी वायच्या आकारात जोडून तिथून पुढच्या धमन्यांना रक्त नेता येते. मग महाधमनीला हात लावावा लागत नाही. वयस्क माणसाच्या महाधमनीत चुनखडीसारखे थर असतात. तिला चिमटा लावला की तुकडे सुटून मेंदूकडे जाण्याची भीती असते. पक्षाघाताचा धोका असलेल्या रुग्णाला ही रचना विशेष उपयोगी पडते.

तरीही बहुतेक रुग्णांना दुसरी धमनी मिळत नाही. अमेरिकेतही जेमतेम दहातल्या एकाला मिळते. ऑपरेशन लांबते, जोडणी अवघड असते, आणि फायदा दिसतो तो आठ-दहा वर्षांनी, जेव्हा रुग्ण कदाचित दुसऱ्याच डॉक्टरकडे जात असतो. छातीच्या जखमेचा त्रास मात्र महिन्याभरात त्याच सर्जनच्या दारात येतो. स्त्रियांना तर धमन्यांचे ग्राफ्ट पुरुषांपेक्षा कमी मिळतात, हे अनेक देशांच्या नोंदींत दिसले आहे. त्यांच्या धमन्या बारीक असतात आणि आजार उशिरा ओळखला जातो ही कारणे खरी आहेत, पण ती संपूर्ण फरकाचे स्पष्टीकरण देत नाहीत. सत्तरीच्या आतल्या सुमारे 4,300 रुग्णांना घेऊन एक धमनी विरुद्ध अनेक धमन्या अशी थेट तुलना करणारी रोमा चाचणी 2018 मध्ये सुरू झाली, आणि तिला जोडून फक्त स्त्रियांसाठी वेगळी चाचणी आखावी लागली, यावरूनच आजवरच्या पुराव्यात स्त्रिया किती कमी होत्या हे कळते. ऐंशीच्या घरातल्या माणसाला मात्र लीमा आणि शिरा एवढे पुरते. त्याच्यासाठी लवकर आणि सुखरूप टेबलावरून उतरणे अधिक मोलाचे.

ग्राफ्ट टिकवण्याचे निम्मे काम ऑपरेशननंतरच्या गोळ्यांचे आहे. ॲस्पिरिन शक्यतो पहिल्या सहा तासांत सुरू करतात. 2002 च्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या दोन दिवसांत ॲस्पिरिन मिळालेल्यांचे मृत्यू 1.3 टक्के होते, न मिळालेल्यांचे 4 टक्के. चीनमधल्या 500 रुग्णांच्या डाकॅब चाचणीत ॲस्पिरिनच्या जोडीला टिकाग्रेलर दिल्यावर वर्षभराने 88.7 टक्के शिरा उघड्या होत्या, नुसत्या ॲस्पिरिनवर 76.5 टक्के. पण टिकाग्रेलरने रक्तस्राव वाढतो, म्हणून ते सरसकट देत नाहीत. स्टॅटिन आयुष्यभर. छातीत दुखायचे थांबले म्हणून गोळ्या बंद करणारे रुग्ण प्रत्येक गावात आहेत, आणि शिरेच्या ग्राफ्टला ते सर्वांत महागात पडते.

शेवटी डिस्चार्ज कार्डाविषयी. त्यावर अनेकदा नुसते "सीएबीजी (म्हणजे बायपास), तीन ग्राफ्ट" एवढेच असते. कुठली वाहिनी कुठून निघून कुठल्या धमनीवर गेली, हे तिथे लिहिलेले हवे, आणि नसेल तर घरच्यांनी मागून घ्यावे. ऑपरेशन नोटची प्रत मागण्याचा त्यांना अधिकार आहे. आठ वर्षांनी दुसऱ्या गावात पुन्हा एंजिओग्राफी होते तेव्हा डॉक्टरला ग्राफ्टची तोंडे महाधमनीवर शोधत बसावे लागते. त्यात वेळ जातो आणि किडनीला त्रासदायक असलेले औषध जास्त द्यावे लागते. दुसऱ्यांदा बायपास करायचा झाला तर हे कागद आणखी मोलाचे. मनमोहन सिंग यांचा पहिला बायपास 1990 मध्ये झाला होता; जानेवारी 2009 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने दुसरा केला. अशा वेळी छातीचे हाड पुन्हा करवतीने उघडायचे असते आणि जुनी लीमा त्या हाडाच्या आतल्या बाजूला चिकटलेली असू शकते, एलएडीचा सगळा भार वाहत. ती नेमकी कुठे आहे हे सीटी स्कॅनवर आधी मोजून घेतात, हाडापासून किती मिलिमीटरवर आहे ते लिहून ठेवतात आणि मगच करवत हातात घेतात.